कोणी पाहिलं?

आदोच्या कबरीवरची वाळू मारेतने सकाळीच ओढून ठेवली होती. दंताळे घेऊन आतल्या टोकापासून सुरुवात करायची, मागे मागे सरकत यायचे आणि शेवटी स्वतःचे पाऊलही पुसून कठड्याबाहेर पडायचे, ही बेटावरची रीत. रेघा जितक्या सरळ तितकी घरची बाई नेकीची, असे साल्मे मावशीचे मत होते आणि मावशी आपली मते मनात ठेवणाऱ्यांतली नव्हती.

"रेघा बघ कशा मारल्यात," ती उर्वेच्या कानाशी लागून म्हणाली. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या त्या बाईचे कुजबुजणे चार कबरींपलीकडे ऐकू गेले. "नवरा होता तेव्हा अंगण असं झाडलं असतं तर..."

"मावशी, पाद्री बोलताहेत."

"बोलू दे की. मला कुठे ऐकू येतंय?"

जुलैतला कबरस्तानाचा दिवस होता. सगळे गाव पाइनच्या सावलीत आपापल्या माणसांपाशी घडीच्या खुर्च्या टाकून बसले होते. मुख्य भूमीवरून पहिल्या बोटीने आलेली मंडळी एकमेकांच्या पोरांची उंची मोजत होती. आदोच्या कठड्यालगतच्या बाकावर मारेत आणि तिची मुलगी त्रीनू बसल्या होत्या. बाकावर आणखी दोघांची जागा होती, पण 'ये, बस' असे मारेत म्हणाली नव्हती. त्यामुळे आदोची सख्खी बहीण, उर्वे, परक्या पाहुणीसारखी मावशीच्या खुर्चीमागे उभी होती. तिचा मुलगा राइगो त्याहूनही मागे झाडाला टेकला होता.

आज मारेतशी बोलायचेच, असे उर्वे ठरवून आली होती. मार्चमध्ये राइगो बर्फावरच्या शर्यतीत धावता धावता कोसळला. सव्वीस वर्षांचा मुलगा, शाळेत पोरांना स्कीइंग शिकवणारा, कधी सर्दीनेसुद्धा न झोपलेला. तार्तू शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितले, हृदयाचा स्नायू जरा जाड दिसतो. खेळाडूंचा तसा होतोही. पण घराण्यातून आलेले दुखणे असेल तर गोष्ट वेगळी. मग खेळ बंद आणि छातीत हृदय सांभाळणारे यंत्र. घरात कोणाला होते का? मामा गेल्या शरदात गेला, उर्वेने सांगितले. कशाने? हृदयाने. हृदयाला नेमके काय झाले होते?

सख्ख्या भावाच्या हृदयाला काय झाले होते, ते तिला सांगता आले नाही. मामाच्या नोंदी पाहायला मिळाल्या तर मुलात नेमके काय शोधायचे ते कळेल, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नाहीतर अंधारात चाचपडणे. नोंदी आदोने स्वतः बंद करून टाकल्या होत्या आणि तो गेल्यावर आता त्या उघडायला त्याच्या बायकोची संमती हवी होती.

बंद का केल्या होत्या, हे सगळ्या बेटाला ठाऊक होते.

*

जेवण मारेतच्या अंगणात होते. धुरी दिलेले मासे, शेपू घातलेले नवे बटाटे, बिटाचे कोशिंबिरीसारखे सॅलड, काळा पाव. मारेतने सगळ्यांना वाढले, उर्वेलाही वाढले, फक्त तिच्या ताटाकडे पाहून वाढले, तोंडाकडे नाही.

त्रीनूनेच विषय काढला. बापासारखी अबोल असली तरी ती बोलायला लागली की आडवळण घेत नसे.

"आई, उर्वे आत्याला तुला काहीतरी विचारायचंय."

"मग विचारू दे. तिला तोंड आहे."

उर्वेने काटा खाली ठेवला. घरून घोकून आणलेली वाक्ये ऐनवेळी कुठे गेली कोण जाणे. "मारेत, राइगोच्या डॉक्टरांना आदोच्या नोंदी बघायला हव्यात. फक्त हृदयाच्या. मी नाही बघणार. मी हातसुद्धा लावणार नाही. तू त्यांना थेट परवानगी दे, माझ्याकडे काही यायलाच नको."

"आमच्या घरातलं बघायला तुला परवानगी कधीपासून लागायला लागली?" मारेत म्हणाली आणि बटाट्यांचे भांडे मावशीपुढे सरकवले.

उर्वेला हे अपेक्षित होते, तरीही तिचे कान तापले.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा उर्वे रुग्णालयात परिचारिका होती. मध्यउन्हाळ्याच्या सणाला पेटवलेल्या होळीपाशी सगळे नाचत होते आणि आदो एका बाजूला, राख फासल्यासारख्या चेहऱ्याने बसला होता. तिने तीनदा विचारले, काय होतंय? तीनदा उत्तर आले, काही नाही. या घराण्याचा हा शब्दच होता. त्यांच्या वडिलांच्या पायात लाकडे फोडताना कुऱ्हाड गेली, तेव्हाही बुटातले रक्त ओतून टाकत ते 'काही नाही' म्हणाले होते. त्याच बापाची पोरे ही. मग सोमवारी कामावर गेल्यावर उर्वेने समोरच्या संगणकावर भावाचे नाव घातले आणि त्याच्या नोंदी उघडल्या.

साऱ्या एस्टोनियात माणसाचे दुखणेखुपणे असे एका जागी साठवलेले असते; कुठल्याही गावच्या डॉक्टरला ते दिसते आणि लोक ते दिसू देतात. देतात, कारण आपले कोणी काय पाहिले हे ज्याचे त्यालाही तिथेच दिसते. उर्वेला हे माहीत नव्हते थोडेच? पण आदो कशाला पाहायला जातोय, असे तिला वाटले. पत्रपेटीसुद्धा महिन्यातून एकदा उघडणारा माणूस तो.

हृदयाचे काही निघाले नाही तेव्हा. निघाल्या त्या मन उदास राहते म्हणून दिलेल्या गोळ्या. उर्वे हादरली. धाकटी बहीण असून आपल्याला याचा पत्ता नाही, याने जास्त हादरली. कोणाशी तरी बोलल्याशिवाय तिला राहवेना आणि जगातली इतकी माणसे सोडून ती बोलली साल्मे मावशीशी. मावशीच्या तोंडात तीळ भिजत नाही हे माहीत असून. रविवारी चर्चच्या दारात बेकरीवाल्या हिल्याबाईने चार माणसांत आदोचा हात धरून विचारले, "आता बरं वाटतंय ना रे? मनाला फार लावून घेऊ नको."

त्या संध्याकाळी आदोने आपल्या नोंदी कोणी पाहिल्या ते उघडून बघितले. तिथे त्याच्या बहिणीचे नाव होते.

त्याने तक्रार केली, उर्वेची नोकरी गेली. आता ती वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना भरवायचे काम करते. पाहिले याचा तिला कधी फार पश्चात्ताप झाला नाही. ती पुन्हाही पाहील. सांगितले याचा मात्र झाला. आजही भांडी घासताना तो रविवार आठवला की तिचे डोळे मिटतात. आदोने सगळे बंद केले, डॉक्टरांनासुद्धा, आणि बहिणीशी बोलणे टाकले. उर्वेनेही कानाला खडा लावला. त्यानंतर त्या नोंदींच्या दारात ती स्वतःच्या रक्तदाबासाठीसुद्धा गेली नाही. तिथे तिला लाज वाटायची.

"मी तर कोणालाच सांगितलं नव्हतं," मावशी माशाचा काटा काढता काढता म्हणाली. "फक्त हिल्याला. आणि तीही माझी शाळेतली मैत्रीण."

"मावशी, तू मासा खा," त्रीनू म्हणाली. मग आईकडे वळली. "आई, राइगोचा प्रश्न आहे. आत्याचा नाही."

"तुझ्या बापानं कुलूप घातलं होतं."

"माझ्याच बापानं मला तार्तूला पाठवून तपासून घेतलं होतं! मला सांगितलं नव्हतं का? माझं चांगलं निघालं म्हणून मी आज इथे निवांत बसून बटाटे खातेय. त्यालाही तेवढं कळू दे की."

हे उर्वेला नवे होते. आदोला माहीत होते? किती दिवसांपासून? मुलीला तपासून घेण्याइतके माहीत होते?

"कधी?" तिने विचारले.

त्रीनूने आईकडे पाहिले आणि ओठ मिटून घेतले.

"सगळ्यांना सगळं कळून काय भलं झालं या घरात?" मारेतचा आवाज चढला. "एकदा कळलं होतं. नवरा माझा पुढची दोन वर्षं बेकरीत पाऊल ठेवत नव्हता. पाव मी आणायची, लोकांच्या नजरा मी झेलायची. आता तो मेलाय, आता तरी त्याचं त्याच्यापाशी राहू दे."

"बरोबर आहे तिचं," मावशी म्हणाली.

"मावशी, मघाशी कबरस्तानात तू वेगळंच बोलत होतीस," उर्वेला राहवले नाही.

"ते रेघांबद्दल होतं. हे वेगळं."

"मी इथेच बसलोय हं," राइगो म्हणाला. एवढा वेळ तो हातातल्या पावाचे तुकडे करत होता. "माझ्यावरून भांडताय म्हणून सांगतोय. मामीला नको असेल तर नको. चला, मी बाक सावलीत नेऊन ठेवतो, ऊन आलंय मावशीआजीवर."

तो उठला. रिकामा लाकडी बाक त्याने एकट्याने उचलला, दोन पावले गेला आणि थांबला. बाक खाली ठेवून तो वाकून उभा राहिला, एक हात गुडघ्यावर, दुसरा छातीवर. अगदी क्षणभर. कोणाच्या लक्षातही आले नसते, पण उर्वे मार्चपासून दुसरे काही पाहतच नव्हती.

"राइगो! काय होतंय?"

"काही नाही."

तो मान वर करून हसला आणि पुन्हा बाकाला हात घातला. त्रीनूने धावत जाऊन दुसरे टोक धरले.

मारेतच्या हातातला वाढायचा चमचा तसाच राहिला होता. राइगोकडे ती टक लावून पाहत होती. उर्वेला वाटले ती काहीतरी बोलणार, पण तिने चमचा भांड्यात टाकला, कमरेचे फडके सोडले आणि म्हणाली, "आदोच्या फुलांना पाणी घालायचं राहिलंय." झारी उचलून ती फाटकाबाहेर निघून गेली.

"सकाळीच तर घातलं तिनं," मावशी म्हणाली. "मी पाहिलं ना."

त्रीनू बाक ठेवून आली होती. "आत्या, जा तिच्यामागे."

"मला हाकलेल ती."

"नाही हाकलणार. जा. मी सांगू शकत नाही, तिनंच सांगायला हवं. जा ना!"

*

कबरस्तान आता रिकामे झाले होते. मारेत बाकावर बसली होती, पायाशी कोरडी झारी. उर्वे आली तेव्हा तिने मान वळवली नाही, पण बाकाच्या टोकाकडे सरकली. उर्वे बसली.

"तस्साच म्हणायचा," मारेत म्हणाली. "तोच आवाज. मला वाटलं, आदोच बोलला."

उर्वे क्रुसावरच्या नावाकडे पाहत होती.

"तीन वर्षांपूर्वी त्याला चक्कर आली, जेट्टीवर. पाण्यात पडला असता. मग गेला बाबा एकदाचा तार्तूला. त्यांनी शोधून काढलं. जाड हृदय, तुमच्या बापाकडून आलेलं. छातीत यंत्र बसवा म्हणाले. आणि म्हणाले, भावंडांना सांगा, त्यांच्या मुलांना तपासायला सांगा."

"मला?"

"तुझ्याशिवाय कोण भावंडं आहेत त्याला?"

"मला कोणी काही सांगितलं नाही, मारेत."

"सांगितलं नाही. दाखवलं." मारेतने पहिल्यांदा तिच्याकडे तोंड केले. "घरी आला, जेवला, दोन तास नुसता बसला. मग त्रीनूला बोलावून म्हणाला, माझ्या नोंदी उघड, बाकीच्यांना कुलूप राहू दे, पण उर्वेचं नाव घाल. माझा भरवशाचा माणूस म्हणून. असं करता येतं ना? एखाद्याचं नाव घालता येतं, त्याला सगळं दिसतं. बायकोचं नाही घातलं. तुझं घातलं. मी म्हटलं, अरे फोन कर तिला. तर म्हणाला, 'तिला बघायची सवय आहे. बघेल ती.'"

दूर कोणाच्या तरी गाडीचे दार आपटले. उर्वेने दोन्ही हात मांडीखाली घातले, लहानपणी शिक्षा झाली की घालायची तसे.

"निरोप येतो म्हणे त्याचा संगणकावरच्या सरकारी टपालपेटीत," मारेत म्हणाली.

"मी ती पेटी उघडत नाही. नऊ वर्षं झाली. मी... मला वाटलं, आता आपण कुठेच बघायचं नाही."

"आम्हाला काय माहीत! तो वाट बघायचा, उर्वे. दर शनिवारी सॉनातली अंघोळ झाली की ओल्या केसांनी येऊन बसायचा आणि उघडायचा. कोणी पाहिलं ते बघायला. तार्तूच्या डॉक्टरांचं नाव असायचं. औषधवाल्याचं असायचं. खालपर्यंत बोट नेऊन बघायचा. मी विचारायची, काय? तर म्हणायचा..."

मारेत थांबली. पुढचा शब्द दोघींना माहीत होता.

"काही नाही," उर्वे म्हणाली आणि तिला रडू फुटले. आवाज न करता रडायची या घरातली पद्धत तिला त्या दिवशी जमली नाही.

"यंत्र बसवायला तयारच नव्हता," मारेत थोड्या वेळाने म्हणाली. "मी बोलून बोलून थकले. माझं कुठे ऐकायचा तो असल्या बाबतीत? तुझं ऐकायचा. लहानपणापासून औषधपाण्याचं तू सांगशील ते. मला वाटायचं, ती बघेल, दारावर येऊन धडकेल, शिव्या देईल, कान धरून नेईल याला बोटीवर. प्रत्येक शनिवारी वाटायचं. तुला काय वाटतं, मी तू पाहिलंस म्हणून रागावलेय? ते केव्हाच विसरले मी. तू पाहिलं नाहीस म्हणून माझा राग आहे."

"तू का नाही केलास मला फोन?"

हा प्रश्न उर्वेने दोष द्यायला विचारला नव्हता, तरी तो मारेतला जिथे लागायचा तिथे लागला. तिने झारीची मूठ धरली, सोडली.

"त्याने शपथ घातली होती. आणि खरं सांगू? मलाही वाटायचं, तिनं यावं. आपण का जायचं? तक्रार केली म्हणून आम्ही वाईट ठरलो होतो गावात, माझ्या मनात ते होतंच. तीन वर्षं फोन शेजारी होता माझ्या. तेव्हा केला असता तर तुझा मुलगा तेव्हाच तपासला गेला असता. तो बर्फात पडला हे मला दुकानात कळलं. तेव्हासुद्धा नाही केला. मघाशी त्यानं छातीवर हात ठेवला ना..." मग एकदम कोरड्या आवाजात ती म्हणाली, "संमती देते मी. उद्याच. सगळं बघू दे त्यांना, गोळ्यासुद्धा."

"गोळ्यांची गरज नाही."

"असू दे. त्याला काय लाज त्यात!"

पाइनची दोन सुईसारखी पाने रेघांवर पडली होती.

"पण इथे तरी यायचं होतंस," मारेत म्हणाली. आवाजात आता भांडण नव्हते, नुसती कुरकुर होती. "दफनाला मागे उभी राहिलीस आणि गेलीस. त्यानंतर एकदाही नाही. मी दर आठवड्याला येते, वाळू बघते. एक पाऊल नाही कोणाचं."

"मी येते की."

"कधी?"

"बुधवारी. आश्रमातून सुटल्यावर. बर्फ होतं तेव्हाही यायची." उर्वेने नाक पुसले. "जाताना पुसून टाकते."

मारेत तिच्याकडे बघत राहिली. "का गं?"

"मला वाटलं, मी आलेली तुला आवडणार नाही."

मारेतने तोंडावर हात ठेवला. मग बाकाखालून तिने लाल डब्यातली मेणबत्ती काढली, काडी ओढून पेटवली आणि उर्वेच्या हातात दिली.

"जा, ठेव तिकडे."

उर्वे कठडा ओलांडून आत गेली. ओढलेल्या वाळूत तिचे जड, कामाचे बूट खोल रुतत होते. तिने क्रुसाच्या पायाशी मेणबत्ती ठेवली, भावाच्या नावावरून एकदा बोट फिरवले. मग ती सवयीने वळली, झाडाला टेकवलेले दंताळे घेतले आणि आतल्या टोकापासून सुरुवात करायला वाकली.

मारेतने पुढे होऊन दंताळ्याचा दांडा धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "आज पुसू नकोस."